साक्षीनंतरचा सोमवार

प्रार्थनासभेत साक्ष द्यायला उभा राहणारा माणूस मी लहानपणापासून अनेकदा पाहिला आहे. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात माइक, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली बायको आणि पुढच्या रांगेत बसवलेली मुले. पंधरा वर्षे दारू पीत होतो, घरातली भांडी विकली, बायकोवर हात उगारला, आणि अमुक दिवशी सभेत पाळकांनी डोक्यावर हात ठेवला त्या क्षणापासून थेंबालाही शिवलो नाही, असे तो सांगतो. लोक हालेलुया म्हणतात. मागच्या बाकावर बसलेली एखादी बाई, जिचा नवरा सभेला आलेलाच नसतो, डोळे पुसते आणि आपल्या घरी हे कधी होईल याचा विचार करत राहते. साक्ष देणाऱ्याच्या शब्दांवर मी शंका घेत नाही. मला काळजी वाटते ती सोमवारची. रविवारची सभा संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमारास कामावरून सुटलेला तोच माणूस नाक्यावरच्या परमिट रूमसमोरून एकटा घराकडे निघतो. त्या वेळी चर्चची मंडळी कुठे असते?

ख्रिस्ती श्रद्धेने व्यसन सुटते का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘हो’ असे आहे, आणि ते मी पूर्ण विश्वासाने देतो. मात्र आपल्या प्रार्थनासभांनी आणि धर्मग्रामांनी, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या स्थानिक मंडळींनी, या ‘हो’ची जी कथा रूढ केली आहे ती अपुरी आहे, आणि काही घरांच्या बाबतीत ती घातकही ठरली आहे. या कथेत देव एका क्षणात तहानच काढून घेतो आणि मग माणसाने करण्यासारखे काही उरत नाही. पण येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत आपण वर्षभराची भाकर एकदम मागत नाही. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ असे म्हणतो, आणि उद्या पुन्हा तेच म्हणतो. व्यसनातून सुटणाऱ्या माणसाला कृपा मिळते ती याच हप्त्याने, आणि ती त्याच्या हातात पोहोचवण्यासाठी बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाचे हात लागतात.

हे मी केवळ श्रद्धेपोटी म्हणत नाही. व्यसनमुक्तीच्या आधुनिक इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना बारकाईने पाहिली तर तीही हेच सांगते. न्यूयॉर्कमधला शेअर बाजाराशी संबंधित व्यवसाय करणारा बिल विल्सन हा दारूने पुरता खचलेला माणूस डिसेंबर 1934 मध्ये चौथ्यांदा टाऊन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. त्याआधी एबी थॅचर हा त्याचा जुना पिण्यातला सोबती त्याला भेटून गेला होता. एबी स्वतः दारू सोडून ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आला होता. लुथरन धर्मसेवक फ्रँक बुकमन यांनी सुरू केलेल्या या चळवळीत आपल्या चुका दुसऱ्यापाशी बोलून दाखवणे, झालेल्या नुकसानाची भरपाई करणे आणि रोज शांत बसून देवाचे मार्गदर्शन मागणे यांवर भर होता. हॉस्पिटलमधल्या खाटेवर निराशेच्या तळाशी असताना विल्सनने देवाला हाक मारली आणि खोली प्रकाशाने भरून गेल्याचा अनुभव त्याला आला. आपल्या सभांमधली साक्ष साधारणपणे इथे संपली असती.

विल्सनची गोष्ट मात्र इथून पुढे खरी सुरू होते. प्रकाशाचा तो अनुभव घेऊन तो घरी आला आणि पुढचे कित्येक महिने न्यूयॉर्कमधल्या दारुड्यांना गाठून त्यांना देवाविषयी सांगत सुटला. एकाचीही दारू सुटली नाही. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला सल्ला दिला की आधी उपदेश थांबव. हा आजार शरीराला आणि मनाला कसा पकडतो ते त्यांना प्रथम सांग, मग देवाचे नाव काढ. मे 1935 मध्ये एका व्यवहारासाठी तो ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात गेला असता तो व्यवहार फसला, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटा उभा असताना एका बाजूच्या बारमधले हसणे-बोलणे त्याच्या कानावर पडू लागले. हा त्याचा सोमवार होता. प्रकाशाचा अनुभव येऊन पाचच महिने झाले होते आणि त्या अनुभवाची आठवण एकटी त्याला पुरत नव्हती. हॉटेलात लावलेल्या यादीतल्या चर्चना त्याने फोन करायला सुरुवात केली आणि कोणीतरी दारूशी झगडणारा माणूस मला भेटवा, असे मागणे मागितले. एका धर्मगुरूकडून दुसऱ्या कोणाकडे, तिथून एका बाईंकडे, असे करत 12 मे रोजी त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसणार नाही असे सांगून आलेले डॉक्टर सहा तासांहून अधिक काळ बसले. समोरचा माणूस त्यांना वाचवायला आलेला नव्हता. स्वतः वाचण्यासाठी त्याला त्यांची गरज होती.

त्यानंतर डॉक्टर बॉब एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे पुन्हा प्यायले, ही गोष्टही मला या इतिहासात तितकीच मोलाची वाटते. त्यांचा शेवटचा पेला 10 जून 1935 चा, आणि तीच तारीख अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा, म्हणजे आपण ज्याला ए.ए. म्हणतो त्या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मैत्रीसंघाचा, जन्मदिवस मानली जाते. ज्या संघटनेचा जन्मदिवस तिच्या एका संस्थापकाच्या घसरणीनंतर ठरला, त्या संघटनेला घसरलेल्या माणसाकडे पाहण्याची नजर आपोआप मिळाली. आणखी एक गोष्ट आपण लपवू नये. विल्सनने दारू परत प्यायली नाही, पण सिगारेटशी त्याची झुंज दीर्घकाळ चालली आणि 1971 मध्ये त्याचा मृत्यू झाला तो फुप्फुसांच्या विकाराने. माणूस एका व्यसनातून सुटतो आणि दुसऱ्यात राहतो. त्यामुळे पहिली सुटका खोटी ठरत नाही, पण साक्ष देताना किती नम्र असायला हवे ते त्यातून कळते.

ए.ए. लवकरच ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळी झाली. 1939 साली दारूतून सुटण्याच्या तिच्या बारा पायऱ्या छापल्या गेल्या तेव्हा काही नास्तिक आणि संशयवादी सदस्यांच्या आग्रहावरून ‘देव’ या शब्दापुढे ‘आम्हाला जसा समजला तसा’ असे शब्द जोडले गेले. काही ख्रिस्ती लोकांना यात श्रद्धा पातळ झाल्यासारखी वाटते. मला तसे वाटत नाही. त्या पायऱ्यांवरून हात फिरवला की खालचे जुने दगड लागतात. आपण हतबल आहोत हे मान्य करणे, दुसऱ्या माणसापुढे आपल्या चुकांची कबुली देणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करून जमेल तिथे भरपाई करणे, आणि मिळालेले इतरांपर्यंत नेणे. यातली कबुली आमच्या कुमसाराच्या, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे सांगण्याच्या, खुर्चीत शेकडो वर्षे चालत आली आहे. भरपाई तर लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कयाचीच आहे, ज्याने येशूला घरी घेताच लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. तो सभेत उभा राहून नुसता ‘मी बदललो’ असे म्हणाला नाही. त्याने हिशेब काढला.

ख्रिस्ती श्रद्धेच्या या रोजच्या रूपाचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण डब्लिनच्या मॅट टॅलबटचे आहे. 1856 मध्ये एका गरीब घरात जन्मलेला हा मजूर बाराव्या वर्षी दारूच्या बाटल्या भरणाऱ्या दुकानात कामाला लागला आणि तिथेच प्यायला शिकला. पुढची सोळा वर्षे त्याची मजुरी गुत्त्यात गेली. एकदा त्याने आणि सोबत्यांनी रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या माणसाचे फिडल चोरून विकले. 1884 मध्ये, हातात पैसे नसताना, गुत्त्याबाहेर उभ्या असलेल्या टॅलबटला आत जाणाऱ्या एकाही मित्राने ‘चल’ म्हटले नाही. तो घरी गेला आणि मग धर्मगुरूंपुढे जाऊन त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली. ही शपथ होती तीन महिन्यांची. ती पाळली गेल्यावर सहा महिन्यांची, आणि त्यानंतर जन्माची. कामावरून सुटल्यावर जो वेळ गुत्त्यात जायचा तो त्याने चर्चमध्ये काढायला सुरुवात केली, आणि मोह नको म्हणून खिशात पैसे न ठेवता बाहेर पडू लागला. त्या फिडलवाल्याला त्याने पुढे शोधले, तो सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, अर्पण करवल्या. 1925 मध्ये मिस्साला जातानाच रस्त्यात कोसळून तो वारला, आणि 1975 साली पोप पॉल सहावे यांनी त्याला ‘वंदनीय’, म्हणजे संतपदाच्या वाटेवरचा, घोषित केले.

तीन महिन्यांच्या शपथेचा मी पुष्कळ विचार केला आहे. आज एखाद्या सभेत कोणी ‘मी तीन महिन्यांसाठी सोडतो’ असे म्हणाला तर लोक त्याच्या विश्वासावर शंका घेतील. आपल्याला जन्माचीच शपथ हवी असते, आणि तीही माइकवर. मग तो माणूस चौथ्या आठवड्यात घसरला की त्याला दोन गोष्टींची लाज वाटते, प्यायल्याची आणि सर्वांदेखत देवाला खोटे पाडल्याची. पहिली लाज घेऊन माणूस परत येऊ शकतो. दुसरी लाज त्याला चर्चच्या दारातूनच परतवते. मी असे लोक पाहिले आहेत. पहिल्या वर्षी ते पुढच्या बाकावर असतात, दुसऱ्या वर्षी नाताळला दिसतात, आणि मग ते गावात असूनही कोणाला दिसत नाहीत.

इथून मी त्या विषयाकडे येतो ज्याबद्दल बोलताना मला आजही राग आवरत नाही. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने अचानक दारू बंद केली तर पहिले काही दिवस त्याच्या जिवाला खरा धोका असतो. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, काहींना झटके येतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होऊ लागतात; भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसे बोलताना ऐकू येतात, आपण कुठे आहोत तेच कळेनासे होते. डॉक्टर या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. तिच्यावर नेमकी औषधे आहेत, सोबत बी-वन जीवनसत्त्व द्यावे लागते, आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. आमच्या परिसरातल्या एका घरात नेमक्या याच भासांना सैतानाचा संचार समजले गेले. दोन दिवस उपास-प्रार्थना चालली, अंगावर तेल लावले गेले, आणि दवाखान्याचे नाव काढणाऱ्या भावाला अविश्वासू ठरवले गेले. तिसऱ्या रात्री झटके आले तेव्हा कुठे रिक्षा बोलावली. तो माणूस वाचला, पण त्याचे वाचणे त्या सभेत चमत्कार म्हणून सांगितले गेले, आणि रात्री दोन वाजता सलाइन लावणाऱ्या डॉक्टरचा त्यात उल्लेखही नव्हता.

देवाने बरे करावे असे मागणाऱ्याने डॉक्टरला बोलावणे हा अविश्वास कसा असू शकतो? शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौलाने ‘प्रिय वैद्य’ म्हटले आहे. अॅक्रनमध्येच, सेंट थॉमस या कॅथलिक हॉस्पिटलात सिस्टर इग्नेशिया यांनी 1939 च्या ऑगस्टमध्ये एका दारुड्याला पोटाच्या विकाराचे निदान लिहून दाखल करून घेतले, कारण दारुड्याला खाट द्यायला हॉस्पिटले तयार नसत. आधी शरीरातली दारू वैद्यकीय देखरेखीखाली उतरवायची, त्याच काळात सुटलेल्या माणसांनी येऊन खाटेशेजारी बसायचे, आणि घरी जाताना सिस्टर प्रत्येकाच्या हातात येशूच्या पवित्र हृदयाचे एक छोटे चिन्ह ठेवायच्या. अट एकच, पहिला पेला घेण्याआधी ते चिन्ह त्यांना परत आणून द्यायचे. औषध, सोबत आणि श्रद्धा यांची यापेक्षा चांगली सांगड मला माहीत नाही. त्या चिन्हात जादू नव्हती. पेल्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर ते एक दार उभे करत होते, ज्यामागे ओळखीचे माणूस होते.

आपल्या देशातला कायदाही याबाबत आता स्पष्ट आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे, आणि अशा व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधून ठेवण्यास मनाई केली आहे. 2001 मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी इथे श्रद्धास्थानाच्या आश्रयाने चालणाऱ्या निवासात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. ते स्थान आपल्या धर्माचे नव्हते, एवढ्यावर आपण सुटत नाही. ‘प्रभूच्या नावाने’ चालणारे, नोंदणी नसलेले, डॉक्टर नसलेले कोणतेही व्यसनमुक्ती निवासगृह दिसले तर त्याविषयी पहिला प्रश्न ख्रिस्ती माणसाने विचारला पाहिजे.

मग व्यसन हे पाप की आजार, असे मला विचारले जाते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो की जे चांगले करावेसे वाटते ते माझ्या हातून होत नाही, आणि जे नको तेच मी करतो. व्यसनाच्या पकडीचे याहून अचूक वर्णन मी वैद्यकीय लेखनातही क्वचित वाचले आहे. इच्छा आहे आणि ताकद नाही, अशी ही अवस्था आहे. तिला नुसते पाप म्हटले तर आपण माणसाला इच्छाशक्तीच्या चाबकाने मारत राहतो. नुसता आजार म्हटले तर त्याने मोडलेल्या बरण्या, बुडवलेली फी आणि बायकोच्या अंगावरचे वळ यांचा हिशेब कोणी करायचा, हा प्रश्न उरतो. माझ्या समजुतीप्रमाणे पकड हा आजार आहे आणि पकडीत असताना इतरांवर झालेला अन्याय हे ऋण आहे. पहिल्यासाठी उपचार लागतात, दुसऱ्यासाठी कबुली आणि भरपाई लागते. ख्रिस्ती श्रद्धेकडे या दुसऱ्या कामाची खोल परंपरा आहे, आणि तिचा जीव यात आहे की क्षमा सुधारणेच्या आधी येते. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत मुलाने पाठ केलेले माफीचे बोलणे पुरे होण्याआधीच बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. तुकोबांच्या अभंगातून पतितपावन विठ्ठलाला हाक मारणाऱ्या आपल्या मराठी मनाला ही गोष्ट परकी वाटू नये.

परंतु या क्षमेचा बोजा बायकोच्या डोक्यावर टाकण्याची जी पद्धत आपल्यात आहे तिला मी ख्रिस्ती म्हणायला तयार नाही. नवरा साक्ष देतो, पाळक तिला म्हणतात, आता मागचे विसर, सहन कर, प्रार्थना कर. बाप धावत गेला तो स्वतःच्या इच्छेने. त्याला कोणी ढकलले नव्हते. मार खाणाऱ्या बाईला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने संरक्षण आणि राहत्या घराचा हक्क दिला आहे, आणि तिने तो वापरला म्हणून तिचा विश्वास उणा ठरत नाही. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने 1951 मध्ये अल्-अनॉनची स्थापना केली ती याच जाणिवेतून की पिणाऱ्याबरोबर राहणारे माणूसही आतून मोडते आणि त्याला स्वतःची सभा, स्वतःची सोबत लागते. आमच्या धर्मग्रामांमध्ये माळेची प्रार्थना करणाऱ्या बायकांचे गट आहेत, भजनी मंडळे आहेत, पण ‘माझा नवरा पितो’ हे वाक्य मोठ्याने बोलता येईल अशी जागा बहुतेक ठिकाणी नाही.

विवेकवादी मित्रांचा आक्षेप असा असतो की यात देवाचा संबंध नाही. गटाचा आधार, दिनक्रम आणि नवी ओळख यांनी दारू सुटते, आणि श्रद्धा हे फक्त वरचे वेष्टन आहे. या आक्षेपात तथ्य आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण विचारात घेतले गेले, आणि शिस्तबद्ध रीतीने ए.ए.कडे वळवणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या बरोबरीचे किंवा त्यांहून सरस ठरल्याचे आढळले. तो अभ्यास देवाचे अस्तित्व सिद्ध करत नाही, आणि करायला निघालाही नव्हता. 1986 मध्ये पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आधाराने उभे केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र कोणत्याही धर्माच्या पायावर उभे नाही, आणि तरी तिथून बाहेर पडलेल्या माणसांनी पुढे तिथेच समुपदेशक म्हणून काम केले आहे. ‘सुटलेल्याने दुसऱ्याला हात द्यायचा’ हे अॅक्रनचेच सूत्र तिथे जिवंत आहे. मला यात आपल्या श्रद्धेचा पराभव दिसत नाही. देव माणसांच्या हातून काम करतो असे आपणच म्हणतो, तर ते हात चर्चबाहेरही सापडले याचा आनंद वाटायला हवा.

तरीही श्रद्धा म्हणजे केवळ वेष्टन, हे मला पटत नाही, आणि त्याचे कारण अनुभवाचे आहे. गट माणसाला सांगू शकतो की तू आमचा आहेस. मात्र रात्री तीन वाजता, गट झोपलेला असताना, स्वतःच्याच नजरेतून उतरलेल्या माणसाला आपण अजून कोणाच्या तरी नजरेत आहोत, असे वाटण्याची गरज असते. ज्याने स्वतःवरचा विश्वास पन्नास वेळा मोडला आहे त्याला ‘स्वतःवर विश्वास ठेव’ हे सांगणे निरुपयोगी आहे. त्याला स्वतःबाहेरचा आधार लागतो. ज्यांना तो देवाशिवाय मिळतो त्यांच्याशी माझे भांडण नाही. ज्यांना तो क्रूसावरच्या, स्वतः तहानलेल्या येशूत मिळतो त्यांना तो भ्रम आहे असे सांगण्याचा अधिकार मात्र कोणाला नाही.

धर्मांतराचा प्रश्नही टाळण्यासारखा नाही. पालघर-नंदुरबारकडच्या आदिवासी पाड्यांवर ‘दारू सुटली म्हणून प्रभूत आलो’ असे सांगणारी कुटुंबे भेटतात, आणि त्यावरून वादही होतात. माझे मत सरळ आहे. ज्याची दारू सुटली त्याला कोणत्या देवाचे आभार मानायचे ते त्याचे त्याने ठरवावे, राज्यघटनेने ते त्याच्यावर सोपवले आहे; पण मदत देण्याआधी बाप्तिस्म्याची अपेक्षा ठेवणे हा त्याच्या असहायतेचा फायदा घेणे होय. माळ घातली आणि दारू सुटली, असे सांगणारे वारकरी आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. माळ सर्वांना दिसते, एकादशी पंधरा दिवसांनी येते, दिंडीत सोबत असते, गावातले लोक त्याला ‘माळकरी’ म्हणून पेला पुढे करत नाहीत. गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूविरुद्ध आयुष्यभर सांगितले. त्या परंपरेतून सुटलेल्या माणसाची सुटका कमी खरी आहे असे मानणारा ख्रिस्ती स्वतःच्या देवाला लहान करतो. वांद्र्याच्या धर्मग्रामातून 1981 मध्ये फादर जो परेरा यांनी सुरू केलेल्या कृपा फाउंडेशन या व्यसनमुक्ती संस्थेकडे मी या बाबतीत आदराने पाहतो. स्वतः दारूच्या आजारातून गेलेल्या या धर्मगुरूंनी बारा पायऱ्यांना बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून शिकलेल्या योगाची जोड दिली, सर्व धर्मांच्या माणसांना दारे उघडी ठेवली, आणि संस्थेच्या नावात मात्र आपल्या श्रद्धेचा गाभा ठेवला. 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

चर्चने आपली ताकद दारूबंदीच्या कायद्यासाठी वापरावी, असे काही जणांना वाटते. ख्रिस्ती बहुसंख्य असलेल्या नागालँडमध्ये चर्चच्या पुढाकाराने 1989 मध्ये दारूबंदीचा कायदा आला. मिझोराममध्ये बंदी आली, शिथिल झाली, पुन्हा आली. त्याच राज्यांमध्ये सुईने घेतल्या जाणाऱ्या अमली पदार्थांचा विळखा मोठा आहे, आणि 2019 च्या राष्ट्रीय अंदाजात प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण देशात सर्वाधिक मिझोराममध्येच, 2 टक्क्यांहून जास्त होते. गडचिरोलीतल्या बायकांनी लढून मिळवलेल्या बंदीचे मोल मी कमी लेखत नाही. पण कायदा दुकान बंद करू शकतो, माणसाच्या संध्याकाळी सातची जागा भरू शकत नाही, आणि ती जागा भरणे हे चर्चचे काम आहे.

त्यासाठी आधी आपले घर पाहावे लागेल. वसईपासून गोव्यापर्यंत आमच्या लग्नांत, बाप्तिस्म्यांत आणि सणांत पेला हा पाहुणचाराचा भाग झाला आहे, आणि काना गावच्या लग्नाचा दाखला देऊन आपण त्यावर शिक्का मारतो. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला हे खरे आहे. पण नुकत्याच सुटलेल्या माणसाला ‘एकाने काय होते’ म्हणून आग्रह करणारा नातेवाईक येशूच्या बाजूला उभा नसतो. वेदीवरचीही अडचण सोडवता येते. 1869 मध्ये न्यू जर्सीतले मेथडिस्ट गृहस्थ थॉमस वेल्च यांनी न आंबलेला द्राक्षरस प्रभुभोजनासाठीच तयार केला, आणि कॅथलिक चर्च दारूच्या आजारातून आलेल्या धर्मगुरूला परवानगीने जवळजवळ न आंबलेला द्राक्षरस वापरू देते. वेदीपाशी जी काळजी घेता येते ती लग्नाच्या मांडवात का घेता येऊ नये?

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 5.7 कोटी लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असल्याचे आढळले, आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या तरी प्रकारची मदत मिळाली होती. उरलेले 37 जण कुठे असतात ते आपल्याला माहीत आहे; ते आपल्याच बाकांवर, आपल्याच गल्लीत असतात. आपल्या जवळपास प्रत्येक चर्चला सभागृह आहे, आणि ते आठवड्यातले बहुतेक दिवस संध्याकाळी कुलूपबंद असते. ए.ए.ला भाड्यापुरते पैसे आणि वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या याहून जास्त काही लागत नाही. ती कोणाची सभासद म्हणून नोंद करत नाही, बाहेरून देणगी स्वीकारत नाही, नावे विचारत नाही.

माझ्या ओळखीच्या एका धर्मग्रामात अशी सभा काही वर्षांपासून भरते. वार सोमवार, वेळ सातची. फादर आत येत नाहीत. ते दार उघडून देतात आणि निघून जातात. खुर्च्या मांडण्याचे काम एक गृहस्थ करतात, ज्यांनी कधीकाळी मोठ्या सभेत साक्ष दिली होती आणि नंतर तीनदा घसरले होते. आता ते साक्ष देत नाहीत. सातला पाच मिनिटे कमी असताना ते फाटकापाशी येऊन रस्त्याकडे पाहत उभे राहतात, कारण नवीन माणूस पहिल्या दिवशी फाटकापर्यंत येतो आणि परत फिरतो, हे त्यांना ठाऊक आहे.